डार्ट मी मारला नाही

आमचं घर जुन्नर तालुक्यातलं. घरी गायी, ऊस आणि पाणी असेल त्या वर्षी टोमॅटो. मी पशुवैद्यक आहे. शिकत असताना, चौथ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर, मी दक्षिण आफ्रिकेत वन्यप्राण्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काही आठवडे काम शिकायला गेले होते. तेव्हापासून पशुवैद्यकीयला असलेल्या मुली आणि त्यांचे आईवडील मला फोन करतात. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

आमच्या भागात बिबट्या उसातच राहतो. मी शाळेत असताना शेजारच्या फडात तोड चालू होती आणि बछडे सापडले. वनखात्याच्या माणसांबरोबर एक डॉक्टर आले. त्यांनी बछडे तपासले आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायला लावले. रात्री मादी येऊन त्यांना घेऊन गेली. असं काम करणारे डॉक्टर असतात हे मला तेव्हा कळलं.

पण कॉलेजात गेल्यावर वन्यप्राणी वाट्याला फार आले नाहीत. गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री यांच्यातच वर्षं जातात आणि ते बरोबरच आहे. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बिबट्यासारख्या प्राण्याला पकडायला किंवा बेशुद्ध करायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. विद्यार्थ्याला सहज तिथे उभं राहता येत नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षापासूनच वर्गात परदेशी कार्यक्रमांची चर्चा सुरू झाली होती.

पहिली माहिती मिळाली ती एका एजंटकडून. सिंह, चित्ता, गेंडा सगळे हाताळायला मिळतील, डार्ट स्वतः मारता येईल, आंतरराष्ट्रीय मान्यतेचं प्रमाणपत्र मिळेल, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, तिथल्या डॉक्टरांचं नाव काय? तो म्हणाला, तिथे गेल्यावर कळेल. प्रमाणपत्राला मान्यता कोणाची आहे, यावर तो फीच्या सवलतीबद्दल बोलायला लागला. दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा, जागा संपत आल्यात म्हणून. मी पैसे भरले नाहीत.

त्याच सुमारास आमच्या पुढच्या वर्गातल्या एका ताईंशी बोलणं झालं. त्या असंच पैसे भरून जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांनी बरेच दिवस सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजलं. आईने टाकलेली बछडी आहेत असं त्यांना सांगितलं होतं. निघायच्या आधी तिथल्याच एका कामगाराने त्यांना खरं सांगितलं. बछडी जन्मल्यावर काही दिवसांतच सिंहिणीपासून काढून घेतात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते. बछडी लहान असतात तोवर पाहुण्यांकडून पैसे घेऊन त्यांना कुरवाळू देतात. मोठी झाली की कुंपणातल्या शिकारीसाठी आणि हाडांच्या व्यापारासाठी त्यांची विक्री होते.

हे त्या एका ठिकाणापुरतं नाही. दक्षिण आफ्रिकेत असे हजारो सिंह पैदास करून पिंजऱ्यात ठेवलेले आहेत. २०१५ साली ‘ब्लड लायन्स’ नावाचा माहितीपट यावरच निघाला. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने ही पैदास बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. ताईंनी मनापासून पाजलेल्या त्या बछड्यांचं पुढे काय झालं असेल, हे त्या मला सांगत होत्या आणि मला काय बोलावं कळेना. जिथे बछड्याला मांडीवर घेऊ देतात, तिथे डॉक्टरकी शिकायला जाऊ नये. हे मी प्रत्येकीला सगळ्यात आधी सांगते.

मग मी थेट तिकडच्या डॉक्टरांना मेल लिहायला सुरुवात केली. सोबत काम करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि ‘साउथ आफ्रिकन व्हेटरनरी कौन्सिल’कडची नोंदणी विचारली. विद्यार्थी नेमकं काय करतात आणि काय करत नाहीत, हे विचारलं. आणि प्राण्याला बेशुद्ध करतात ते त्याच्या गरजेसाठी, की विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी, हेही विचारलं. शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच जणांचं उत्तर आलं नाही.

एका ठिकाणाहून लांबलचक उत्तर आलं. त्याचा मतलब असा: तुम्ही डार्ट भरणार नाही, मारणार नाही, गुंगीच्या औषधाला हात लावणार नाही. श्वास मोजाल, ताप घ्याल, रक्ताचे नमुने लेबल लावून ठेवाल, नोंदी कराल. कोणत्या दिवशी कोणतं काम येईल हे आधी सांगता येत नाही. काही दिवस कामच नसेल. एवढं स्पष्ट कोणी लिहिलं नव्हतं. मी तेच ठिकाण निवडलं.

एक गोष्ट त्यांनीच सांगितली ती फार उपयोगी पडली. तिकडे प्राणी पकडण्याचं काम मुख्यतः थंडीत चालतं. उन्हाळ्यात पळवलेला प्राणी तापून मरू शकतो. त्यांची थंडी म्हणजे आपला पावसाळा, साधारण मे ते ऑगस्ट. डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांना म्हणूनच काम कमी मिळतं. मलेरियाचा धोकाही तिकडच्या थंडीत कमी असतो.

सगळं मिळून खर्च सव्वातीन लाखांच्या घरात गेला. निम्म्याहून थोडी जास्त फी, मग विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, लसी आणि कपडे. त्या वर्षी टोमॅटोला भाव मिळाला होता म्हणून जमलं. पप्पांनी हिशेब मागितला नाही. मीच त्यांना प्रत्येक पावती दाखवत होते.

व्हिसासाठी मात्र फार दमछाक झाली. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आपल्याला आधी काढून जावा लागतो. खर्च करणाऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. पप्पांना पगाराची स्लिप नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रही भरलेलं नव्हतं. अर्ज दिल्यानंतर आणखी कागद मागितले. सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीतल्या टोमॅटोच्या पट्ट्या, सगळं मराठीत. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून, नोटरी करून पाठवलं. कॉलेजचं बोनाफाईड आणि ना हरकत पत्र जोडलं. तरी व्हिसा हातात आला तोवर विमान निघून गेलं होतं. तिकिटाची तारीख बदलायला पैसे गेले. फी मात्र बुडाली नाही, कारण व्हिसाला उशीर झाला तर पुढच्या तुकडीत घेऊ, असं मी त्यांच्याकडून आधीच लिहून घेतलं होतं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलींनी हे कागद दोन महिने आधी भाषांतर करून ठेवावेत. तारीख बदलता येईल असंच तिकीट काढावं, थोडं महाग पडलं तरी.

तिकिटावरून आणखी एक. स्वस्तातलं तिकीट आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतं. इथिओपिया आणि केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागते. परत येताना आपल्याकडेही त्याची विचारणा होते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते आणि प्रमाणपत्र घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. रेबीजच्या आणि धनुर्वाताच्या लसी मी आधीच घेतल्या होत्या. पशुवैद्यकीयच्या मुलांनी त्या कुठेही न जाता सुद्धा घ्याव्यात.

जोहान्सबर्गहून गाडीने पाच-सहा तासांवर हूडस्प्रूट नावाचं छोटं गाव आहे. लिम्पोपो प्रांतात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाजवळ. आजूबाजूला खासगी अभयारण्यं. आमचा मुक्काम त्या भागात होता. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीने आलेली मुलं पहिल्या पहाटे उघड्या बक्कीत कुडकुडत होती. बक्की म्हणजे तिकडची पिकअप. मी आईच्या आग्रहामुळे स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे नेले होते.

पहिल्या दिवशी आम्हाला एकही प्राणी दाखवला नाही. दिवसभर माणूस कसा वाचवायचा ते शिकवलं. गेंडा, हत्ती, जिराफ यांना बेशुद्ध करायला एटॉर्फिन वापरतात. तिकडे सगळे त्याला एम-नाइन्टीनाइन म्हणतात. ते मॉर्फिनच्या किमान हजार पट तीव्र आहे. दोन टनांच्या गेंड्याला त्याचे काही मिलिग्रॅम पुरतात. माणसाच्या जखमेतून किंवा डोळ्यातून थेंबभर गेलं तरी श्वास बंद पडू शकतो. डॉक्टर हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल लावून डार्ट भरत. शेजारी पाण्याचा कॅन आणि उतारा भरलेली पेटी उघडी ठेवलेली असे. पेटी कुठे आहे, कोणी काय करायचं, छाती कशी दाबायची, हे आमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. डार्ट स्वतः मारायला मिळेल म्हणून सांगणाऱ्या त्या एजंटची मला तेव्हा भीती वाटली.

मग गेंड्याचं काम आलं. शिंगासाठी शिकार होऊ नये म्हणून तिथे शिंगं कापून टाकतात. २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखासारखंच. मुळाच्या वर कापलं तर रक्त येत नाही. पण ते पुन्हा वाढतं, त्यामुळे दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं.

उजाडताच हेलिकॉप्टर वर गेलं. डॉक्टर त्यात होते. डार्ट लागल्यावर काही मिनिटांत मादी डगमगायला लागली आणि वायरलेसवर आम्हाला बोलावलं. आम्ही पोचेपर्यंत ती बसली होती. डोळ्यांवर कापड बांधलं, कानात कापूस भरलेले मोजे घातले. तिला छातीवर सरळ बसती ठेवायचं होतं. एका कुशीवर राहिली तर स्वतःच्याच वजनाने फुप्फुस दबतं. माझ्याकडे श्वास होता. नाकपुडीसमोर हात धरायचा आणि प्रत्येक श्वास मोठ्याने मोजायचा. दुसरी मुलगी रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं मशीन बघत होती. तिसरा अंगावर पाणी ओतत होता. चेन सॉ सुरू झाल्यावर कोणाचंच नीट ऐकू येत नव्हतं.

मध्येच श्वास लांबले. मी आकडा ओरडले, पण माझा आवाज नीट फुटेना. मी हात वर केला. डॉक्टरांनी करवत थांबवायला सांगितली, नाकात ऑक्सिजनची नळी सरकवली आणि ब्यूटॉर्फॅनॉल शिरेतून दिलं. थोड्या वेळाने श्वास पुन्हा लागायला लागले. मशीनवरचा आकडा वर चढला. मग उरलेलं शिंग कापलं, कडा घासून घेतल्या आणि डांबरासारखं मलम लावलं. खाली ताडपत्री अंथरली होती, तिच्यावरचा भुगासुद्धा गोळा करून वजन केला. शिंगाच्या प्रत्येक तुकड्याची नोंद होते. डीएनएचा नमुना ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय जनुक प्रयोगशाळेत जातो, म्हणजे उद्या कुठे चोरीचं शिंग सापडलं तर ते कोणत्या गेंड्याचं हे सांगता येतं. निसर्ग संरक्षण खात्याचा माणूस सगळा वेळ हजर होता. शेवटी आम्हाला गाडीत चढायला सांगून डॉक्टरांनी कानाच्या शिरेत उतारा दिला. मिनिट-दोन मिनिटांत ती उठली आणि झुडपात निघून गेली.

त्या संध्याकाळी डॉक्टर आम्हाला म्हणाले, “डार्ट मारायला नेमबाजी येणारा कोणीही शिकेल. डॉक्टर लागतो तो नंतरच्या अर्ध्या तासासाठी.” हे मला पटलं. श्वास बिघडतोय हे वेळेत ओळखणं, एवढं जरी तिथून शिकून आलात तरी पैसे वाया गेले नाहीत असं मी म्हणेन.

सगळेच दिवस असे गेले नाहीत. एका कामात न्यालांचा कळप दुसऱ्या अभयारण्यात न्यायचा होता. न्याला म्हणजे काळविटापेक्षा मोठं, जंगलातलं हरीण. हेलिकॉप्टरने हाकत त्यांना पडद्यांच्या बोमात, म्हणजे तात्पुरत्या कुंपणात, आणलं आणि शांत राहण्यासाठी औषध देऊन ट्रकमध्ये भरलं. दुसऱ्या दिवशी एक मादी उठेना. लघवी कॉफीच्या रंगाची झाली होती. फार पळाल्यावर आणि घाबरल्यावर स्नायू आतून फाटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊन बसतं. आम्ही हे पुस्तकात वाचलं होतं. सलाईन लावलं, सावली केली, पण संध्याकाळी ती मेली. शवविच्छेदनात मांडीच्या स्नायूंवर पांढुरके पट्टे दिसले. डॉक्टरांनी हेलिकॉप्टरवाल्याला आणि ट्रकवाल्यांना बोलावून आदल्या दिवसाची प्रत्येक हाक किती लांब होती ते विचारलं. पुढच्या हाका आखूड केल्या आणि ऊन वाढायच्या आत काम बंद करायचं ठरवलं. कोणी कोणावर ओरडलं नाही. मी रात्री जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही, ते बरं वाटलं.

बाकी बराच वेळ वाट बघण्यात गेला. वारा असला की हेलिकॉप्टर उडत नाही. त्या दिवशी डार्ट धुवायचे, नळ्यांना लेबलं लावायची, रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. युरोपातली काही मुलं वैतागायची. मला रानरेड्यांच्या तपासणीच्या गोष्टी ऐकायला आवडायचं. क्रूगर भागातले रेडे लाळ्या-खुरकूतचे विषाणू अंगात बाळगून असतात, पण स्वतः आजारी दिसत नाहीत. त्यामुळे कुंपणाबाहेर त्यांना न्यायला कडक बंदी आहे. आमच्या गोठ्यात याच रोगाची लस वर्षातून दोनदा टोचतात, असं मी सांगितल्यावर डॉक्टरांनीच मला बसवून आपल्याकडच्या गुरांची माहिती विचारली.

शेवटच्या आठवड्यात मला ताप आला. अंग ठणकत होतं, डोकं दुखत होतं. गुडघ्याच्या मागे एक काळी खपली दिसली, भोवती लाल. तिथल्या लोकांनी बघताक्षणी सांगितलं, गोचिडताप. गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं आणि काही दिवसांत मी उठून बसले. तेवढ्यात जिराफाचं काम होऊन गेलं. त्याचं वाईट वाटलं. आईला मी ताप उतरल्यावरच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “घरी गोचिड्या काय कमी होत्या का पोरी?” आणि फोन पप्पांकडे दिला. मोजे पँटच्या बाहेरून घालावेत आणि रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत हाताने चाचपून बघावं. दवाखान्यात पैसे आधी आपल्याला द्यावे लागतात. मूळ पावत्या आणि डॉक्टरांचं लेखी निदान जपून आणलं म्हणून विम्याचे पैसे नंतर मिळाले.

परत आल्यावर कॉलेजने सांगितलं की या कामाचे दिवस आमच्या सक्तीच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये धरता येणार नाहीत. मला ते आधीच माहीत होतं, कारण जाण्यापूर्वी लेखी विचारलं होतं. पुढे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी झाले. मुलाखतीत आफ्रिकेच्या प्रमाणपत्राबद्दल कोणी विचारलं नाही. आपल्याकडे वनखात्यात पशुवैद्यकांच्या जागा मोजक्या आहेत. तिकडे जाऊन आलं की वन्यप्राण्यांची नोकरी मिळते, असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. मला उपयोग झाला तो रोजच्या कामात. गुंगी दिलेल्या जनावराच्या नाकासमोर माझा हात आपोआप जातो.

आणि तिथे मला सुरुवातीपासून काम दिलं गेलं, याचं कारण इथलं होतं. जाण्याआधी सुट्ट्यांमध्ये कॉलेजच्या पत्रावर मी माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात जात होते. पिंजऱ्याजवळ आवाज न करणं, विष्ठेची तपासणी, झायलाझिन-केटामिन दिल्यावर बिबट्याकडे कसं लक्ष ठेवायचं, हे तिथे पाहिलं. माझ्याबरोबरच्या काही मुलांना तिकडे थर्मामीटर धरण्यापासून शिकावं लागलं.

फोनवर शेवटी बहुतेक जणी विचारतात, कर्ज काढून जाऊ का? मी नको म्हणते. आधी नागपूरला गोरेवाड्याला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे विचारा. आपल्या जिल्ह्यातल्या उपवनसंरक्षकांना कॉलेजमार्फत अर्ज द्या. वर्षभर इथे काम करून बघा आणि मग पैसे जमले तर जा. परभणीकडच्या एका मुलीने ते ऐकलं. तिचे वडील जमीन गहाण ठेवायला निघाले होते. तिने अर्ज पाठवला आहे, अजून उत्तर यायचं आहे. तोवर ती गावातल्या दवाखान्यात आमच्याच खात्याच्या डॉक्टरांबरोबर जाते.